विज्ञानकथा आणि अद्भुत : एका वाटणीचा पुनर्विचार

१

मराठी ग्रंथालयांत पुस्तके लावण्याच्या दोन रीती दिसून येतात. सातारा जिल्ह्यात पाचगणी-महाबळेश्वर मार्गालगतच्या भिलार ह्या गावी ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. तेथे आरंभी पंचवीसएक घरांतून व स्थळांतून पुस्तके वाङ्मयप्रकारानुसार मांडण्यात आली. ह्याच डोंगररांगेच्या दक्षिणेस, वेण्णेच्या खोऱ्यात, जावळी तालुक्याचे मुख्य ठाणे मेढा वसले आहे. मेढ्यासारख्या लहान गावांतील वाचनालयांची रीत बहुधा दुसरी असते. जे पुस्तक ज्या क्रमाने आले त्या क्रमाने, म्हणजे दाखल क्रमांकाने, ते कपाटात बसते. परिणामी जयंत नारळीकरांच्या कथासंग्रहाशेजारी नारायण धारपांची भयकथा, तिच्याशेजारी गो. ना. दातारांच्या कादंबरीची नवी आवृत्ती आणि पलीकडे जी. ए. कुलकर्णी अशी सरमिसळ होते. ग्रंथपालनशास्त्राच्या दृष्टीने हा गोंधळच होय. तथापि, अशा कपाटावर पोसलेल्या वाचकाच्या मनात ह्या सर्व ग्रंथांचे जे नाते जुळते, ते मराठी समीक्षेने अद्याप नीट तपासलेले नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : मराठी विज्ञानकथेने प्रतिष्ठा मिळविण्यासाठी शिक्षणाशी सोयरीक केली व अद्भुताशी असलेले रक्ताचे नाते नाकारले. समीक्षेने ही वाटणी निमूटपणे मान्य केली. त्यामुळे दोन्ही पक्षांची हानी झाली. विज्ञानकथेचे मूल्यमापन तिच्यातील विज्ञानाच्या अचूकपणावर होऊ लागले आणि अद्भुतकथेचे मूल्यमापन मुळी झालेच नाही. अनेक वर्षे दोन्ही प्रकार सारख्याच आवडीने वाचणाऱ्या वाचकाने ह्या वाटणीविषयी आपले मत मांडावे, एवढाच येथे हेतू आहे.

२

ही वाटणी मुळात विज्ञानकथेने केलेली नाही. तिचे मूळ मराठी कादंबरीच्या बाल्यावस्थेत सापडते. ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्या कादंबरीच्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड ह्यांनी एक मार्मिक कबुली दिली आहे. आपल्या लोकांच्या नित्य जीवनात, विशेषतः आपल्या विवाहपद्धतीमुळे, मन गुंतवील असे काही घडत नाही. रोजचे अनुभव लिहावे तर त्यांत गोडी नाही. सबब मनोरंजक ग्रंथ लिहू इच्छिणाऱ्यास अद्भुताचा आश्रय करणे भाग आहे, असा तिचा आशय आहे. म्हणजे मराठी कादंबरीत अद्भुत आले ते नाइलाज म्हणून, जीवनातील उणीव भरून काढण्यासाठी.

पुढे हरिभाऊ आपट्यांनी ह्या कबुलीतील गृहीतच खोटे ठरविले. ज्या विवाहसंस्थेत रिसबुडांना कथेस योग्य असे काही आढळत नव्हते, तिच्यातूनच ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी जन्मास आली. नित्य जीवनात मन हेलावून टाकणारे पुष्कळ आहे, हे एकदा सिद्ध झाल्यावर केवळ उणीव भरून काढण्यासाठी आलेल्या अद्भुताचे प्रयोजन संपले. १९०२ साली वि. का. राजवाड्यांनी आपल्या ‘कादंबरी’ ह्या प्रसिद्ध निबंधात अद्भुत आणि वास्तविक ही जोडी चर्चेच्या केंद्रस्थानी आणली. पण पुढच्या समीक्षेने ह्या जोडीतील दुसऱ्या पदाचाच विचार विस्ताराने केला. अद्भुत मेले मात्र नाही. ते समीक्षकांच्या बैठकीतून उठून वाचकांच्या माजघरात गेले. नाथमाधवांची ‘वीरधवल’, दातारांच्या ‘इंद्रभुवनगुहा’ आणि ‘कालिकामूर्ती’ ह्या कादंबऱ्या पिढ्यान् पिढ्या वाचल्या गेल्या. त्यांवर गंभीरपणे लिहिण्याची गरज मात्र फार थोड्यांना भासली.

ह्याच काळात विज्ञानकथेचे बीज मराठीत पडले, आणि त्याचे श्रेय सातारा जिल्ह्याकडे जाते, ही गोष्ट जिल्ह्यातही फारशी परिचित नाही. कराडजवळच्या टेंभू ह्या गावी, म्हणजे आगरकरांच्याच गावी, जन्मलेले कृष्णाजी नारायण आठल्ये हे कोचीनला राहून १८८६ पासून ‘केरळ कोकिळ’ हे मासिक चालवीत होते. त्यांनी १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे भाषांतर ‘चंद्रलोकची सफर’ ह्या नावाने आपल्या मासिकातून क्रमशः देण्यास प्रारंभ केला. कृष्णाकाठचा एक लेखक अरबी समुद्राच्या मलबार किनाऱ्यावर बसून एका फ्रेंच ग्रंथकाराची चंद्राकडे झेपावणारी तोफ मराठी वाचकांपुढे ठेवतो, ही घटना वाङ्मयेतिहासात आज मिळते त्याहून अधिक जागेची अधिकारी आहे. येथे लक्षात घेण्याजोगे असे की, ‘सफर’ हा शब्द प्रवासकथेच्या व साहसकथेच्या कुळातला आहे. शास्त्राचा पाठ देण्याचा आव त्यात नाही. त्या वाचकाच्या दृष्टीने चंद्रलोक आणि इंद्रभुवन हे एकाच नकाशावरचे प्रदेश होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे ह्यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा ‘मनोरंजन’ मासिकात आली. मराठीतील पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून तिचा उल्लेख होतो. तीही सर्वसामान्य वाचकांच्या मासिकात, इतर गोष्टींच्या पंक्तीला बसून आली.

३

पंक्तिभेद सुरू झाला तो पुढे. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत नेणे हा तिचा उद्देश होता, आणि त्यासाठी विज्ञानकथेची स्पर्धा हे उत्तम साधन होते. १९७४ साली ह्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ह्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे दिलेले होते. जयंत विष्णु नारळीकर ह्यांनी आपली आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावून घेतलेले ते टोपणनाव होते, हे आता सर्वश्रुत आहे. आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये म्हणून नाव लपविणारा हा शास्त्रज्ञ पुढे ह्या वाङ्मयप्रकाराचा मराठीतील प्रमुख प्रतिनिधी झाला. ‘यक्षांची देणगी’ (१९७९), ‘प्रेषित’ (१९८३), ‘वामन परत न आला’ (१९८६) ह्या ग्रंथांनी विज्ञानकथा सुशिक्षित मध्यमवर्गाच्या घरात मानाने नेली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ह्यांनी तिचा विस्तार केला.

हे ऋण मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे. ह्या चळवळीत विज्ञानकथेला जी प्रतिष्ठा लाभली ती सशर्त होती. वाचकाला विज्ञान कळावे, त्याची दृष्टी विज्ञाननिष्ठ व्हावी, ही ती अट. कडू औषधाला मधाचे बोट लावावे तसे कथेचे स्थान ठरले. रिसबुडांच्या मते अद्भुत ही नित्य जीवनातील उणिवेची भरपाई होती. ह्या नव्या मताप्रमाणे ती ज्ञानाची वाहक झाली. दोन्ही मतांत एक समान धागा आहे : अद्भुताला स्वतःचे असे प्रयोजन नाही, ते दुसऱ्या कशासाठी तरी असते.

परंतु नारळीकरांच्या उत्तम कथा ह्या मताला जुमानीत नाहीत. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पाहावी. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा एका जगात जाऊन पोहोचतात की जेथे १७६१ च्या पानिपतात विश्वासरावांच्या अंगाला गोळी केवळ चाटून गेली आणि मराठे विजयी झाले. परत आल्यावर त्यांच्यापाशी त्या जगाचा पुरावा म्हणून बखरीचे एक फाटके पान उरते. कथेच्या अखेरीस ह्या साऱ्याचे शास्त्रीय विवरण दिलेले आहे, आणि ते अभ्यासपूर्ण आहे ह्यात शंका नाही. मात्र कथा वाचून वर्षे लोटल्यावर वाचकाच्या स्मरणात काय राहते? ते विवरण राहत नाही. राहते ते फाटके पान, आणि त्या दुसऱ्या मुंबईतील सभेत व्यासपीठावर रिकामी ठेवलेली अध्यक्षाची खुर्ची. सभेला अध्यक्ष नाही हे मराठी प्राध्यापकाला सहन होत नाही, तो उठून त्या खुर्चीकडे जातो आणि श्रोते त्याला पिटाळून लावतात. मराठी स्वभावाचे इतके मिस्कील निरीक्षण अनेक वास्तववादी कथांतही आढळत नाही. पानिपताचे शल्य मराठी मनात अडीचशे वर्षांहून अधिक काळ आहे. ‘जर तसे झाले असते तर’ हा प्रश्न घरोघरी विचारला गेला आहे. कथेचे सामर्थ्य त्या प्रश्नाला प्रत्यक्ष भूमी मिळवून देण्यात आहे. शास्त्रीय उपपत्ती ही त्या भूमीकडे नेणारी होडी होय. पैलतीरी गेल्यावर होडी डोक्यावर वाहण्याचे कारण नाही.

‘धूमकेतू’ ह्या कथेत हेच निराळ्या रीतीने घडते. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांनी मार्गावरून ढळविला जातो. आणि तो धूमकेतू ज्याने शोधला, त्याच्याच घरी अनिष्टाच्या शांतीसाठी यज्ञ झालेला असतो. संकट टळले ते कशाने, ह्याची दोन उत्तरे एकाच छपराखाली नांदतात. लेखकाचा कौल कोणीकडे आहे हे उघड आहे. पण कथेचा चटका त्या कौलात नाही. जगाला पटवून देऊ शकलेला माणूस स्वतःच्या कुटुंबाला पटवून देऊ शकत नाही, ह्या एकटेपणात तो आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यक्ष, वामन, भस्मासुर ही नावे नारळीकरांनी आपल्या ग्रंथांच्या शीर्षकांसाठी पुराणांतून घेतली. ज्या अद्भुताशी आपला संबंध नाही असे विज्ञानकथेच्या पुरस्कर्त्यांनी सांगितले, त्याचीच ही नावे आहेत. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या भागाच्या मराठी भाषांतराला ‘परीस’ हा शब्द शीर्षकात घ्यावासा वाटला, त्याचेही कारण हेच. वाचकाच्या मनात ज्या शब्दाभोवती विस्मय आधीच साठलेला आहे, त्याच्या आधाराने नवे आश्चर्य चटकन रुजते.

समीक्षेने आणि साहित्यसंस्थांनी नारळीकरांना मान दिला नाही असे म्हणता येणार नाही. २०१४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना लाभला, परंतु तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ ह्या आत्मचरित्रासाठी. २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा लिहिल्या गेलेल्या मजकुरात त्यांच्या विज्ञानप्रसाराचा गौरव उदंड झाला. कथाकार नारळीकरांच्या गुणदोषांची चिकित्सा मात्र अजून व्हावयाची आहे. लेखकाचा आदर करून त्याच्या कथेला न्याय नाकारण्याचा हा एक सभ्य प्रकार होय.

४

वाटणीच्या दुसऱ्या बाजूस नारायण धारप (१९२५–२००८) आहेत. ‘नेनचिम’, ‘फायकसची अखेर’ ह्यांसारख्या पुस्तकांतून त्यांनी परग्रहांच्या व भविष्याच्या कथा लिहिल्या. पण त्यांची ओळख भयकथाकार म्हणूनच राहिली. एका लेखकाने दोन्ही प्रांतांत सहज वावरावे, आणि समीक्षेने त्याला दोहोंपैकी एकातही गंभीरपणे घेऊ नये, हा योगायोग नव्हे. पाश्चात्त्य कथांवर, विशेषतः स्टीफन किंग ह्याच्या कादंबऱ्यांवर, त्यांची काही पुस्तके आधारलेली आहेत, हा आक्षेप खरा आहे. ‘लुचाई’ व ‘शपथ’ ही त्यांची ठळक उदाहरणे. पण ह्या आधाराचे काय केले गेले, हेही पाहिले पाहिजे. परक्या देशातील भय त्यांनी वाड्याच्या जिन्यावर, बंद ठेवलेल्या खोलीत, वंशपरंपरेने आलेल्या घरात आणून बसविले. भयाला स्थळ लागते, आणि त्या स्थळाची निवड हे लेखकाचे स्वतःचे कर्तृत्व असते.

धारपांचा दोष अन्यत्र आहे. त्यांच्या ‘समर्थ’ कथांत दुष्ट शक्तींच्या आगमनाचे चित्रण जेथे सावकाश, नियमाने आणि अटळपणे होते, तेथे कथा पकड घेते. जेथे समर्थांचे सामर्थ्य अमर्याद होते आणि ते कोणत्याही किमतीवाचून जय मिळवितात, तेथे ती सैल पडते. जो कधी हरू शकत नाही त्याच्या लढाईत वाचकाला भागीदारी नसते.

आता ह्याच्या शेजारी जी. ए. कुलकर्णी ह्यांचे ‘रमलखुणा’ (१९७५) ठेवून पाहावे. ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ ह्या तिच्यातील दोन दीर्घकथा कोणत्याही ज्ञात भूगोलात घडत नाहीत. तेथील नगरे, देवळे, विधी, माणसांची नावे सारे कल्पित आहे. ह्या कथांना अद्भुतकथा म्हणावयास मात्र समीक्षा कचरते. ती त्यांना प्रतीकात्मक म्हणते, रूपकात्म म्हणते, नियतीची कथा म्हणते. ही विशेषणे चुकीची नाहीत. पण अद्भुत जेव्हा उच्च कोटीचे ठरते तेव्हा त्याचे नाव बदलायचे, आणि जेव्हा ते सामान्य असते तेव्हाच त्याला त्याच्या नावाने हाक मारायची, ह्या रिवाजाने तो वाङ्मयप्रकार सदैव हीनच दिसणार. घरातील हुशार मुले दत्तक देऊन टाकावी आणि मग कुळात कर्तबगारी नाही असे म्हणावे, तशातला हा न्याय आहे.

५

ह्या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि सातारा जिल्ह्यात लिहिणाऱ्याला तो टाळता येणार नाही. अद्भुताची प्रतिष्ठा वाढविणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे नव्हे काय? डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. ज्या समाजात विवेकाचा आग्रह धरणाऱ्याला प्राणांचे मोल द्यावे लागते, तेथे विज्ञानकथेने प्रबोधनाचा झेंडा हाती घेतला तर तिला दोष का द्यावा?

ह्या आक्षेपाचे वजन मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, अंधश्रद्धा आणि अद्भुतकथा ह्यांची जात मूलतः भिन्न आहे. अद्भुतकथा पुस्तक मिटेपर्यंतच विश्वास मागते आणि तो मागत असल्याचे उघड सांगते. भोंदू आयुष्यभराची शरणागती मागतो आणि ती मागत असल्याचे लपवितो. ह्याहून महत्त्वाचे म्हणजे, चांगली अद्भुतकथा स्वतःला नियम घालून घेते. एक अशक्य गोष्ट गृहीत धरावी. मग तिचे सर्व परिणाम प्रामाणिकपणे भोगावेत. आयत्या वेळी दुसरा चमत्कार आणून सुटका करून घेऊ नये. टोल्किन ह्यांनी परीकथेवरील १९३९ च्या व्याख्यानात कल्पित जगाच्या अंतर्गत सुसंगतीवर जो भर दिला, त्याचा रोख हाच आहे. भोंदूचा चमत्कार नेमका ह्याच कसोटीला भितो. नियम विचारलेले त्याला चालत नाहीत. तेव्हा जो वाचक अद्भुतकथेत नियमांची मागणी करावयास शिकला, तो बाबाबुवांपुढेही सहजी मान तुकविणार नाही, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

पाश्चात्त्य समीक्षेतही ही भिंत आहे. डार्को सुविन ह्यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात विज्ञानकथेचे लक्षण ज्ञानाधिष्ठित अपरिचितीकरण असे केले आणि अद्भुतकथेला दाराबाहेर ठेवले. तोदोरोव्ह ह्यांनी १९७० साली अद्भुताचे मर्म वाचकाच्या द्विधा अवस्थेत पाहिले : घडले ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हे जोवर ठरत नाही तोवरच ते अद्भुत. ही दोन्ही लक्षणे उपयुक्त आहेत. पण आपल्याकडे ह्यांहून अधिक व्यापक चौकट पूर्वीच उपलब्ध होती. भरताने अद्भुत हा स्वतंत्र रस मानून विस्मय हा त्याचा स्थायिभाव सांगितला. विश्वनाथाने साहित्यदर्पणात नारायणपंडिताचे जे मत नोंदले आहे, त्याप्रमाणे तर चमत्कार हे सर्वच रसांचे सार असल्याने सर्वत्र अद्भुतच आहे. हे मत टोकाचे असेल. पण त्याने एक गोष्ट साधते. विस्मय हा स्थायिभाव मानला की यक्ष आणि कृष्णविवर हे दोन्ही त्याचे विभाव ठरतात. एकाला परंपरेचा आधार, दुसऱ्याला गणिताचा, भाव एकच. मग प्रश्न उरतो तो परिपोषाचा : हा विस्मय पात्रांच्या जीवनातून वाढला आहे काय, की वरून चिकटविला आहे? ह्या एका कसोटीवर नारळीकर, धारप आणि जी. ए. ह्या तिघांनाही तोलता येते, आणि कोणालाही सवलत द्यावी लागत नाही.

६

शेवटी एक उणीव नोंदविणे अवश्य आहे. मराठी विज्ञानकथेचे पात्र बहुधा मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत, केंब्रिजच्या परिषदेत किंवा अंतराळयानात वावरते. विज्ञानाने जेथे माणसांच्या पायाखालची भूमीच बदलली, त्या प्रदेशाकडे तिची दृष्टी क्वचितच वळली. जावळी तालुक्याच्या पश्चिमेस कोयनेचा शिवसागर पसरला आहे. धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, माणसे दूरच्या जिल्ह्यांत वसविली गेली, आणि त्या पाण्यावर निर्माण झालेली वीज महाराष्ट्रभर पोहोचली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला, तो जलाशयाच्या भाराने उद्भवलेल्या भूकंपांचे ठळक उदाहरण म्हणून जगभर अभ्यासला जातो. त्याच अभ्यासासाठी कराडजवळ हजारमाची येथे प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१७ साली गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र जमिनीत घेण्यात आले. व्हर्नने १८६४ साली पृथ्वीच्या पोटातील प्रवास कल्पिला; त्याची चंद्रयात्रा मराठीत आणणाऱ्या आठल्यांच्या जिल्ह्यात आज माणसाने पृथ्वीच्या पोटात खरोखरच हात घातला आहे.

ह्या विषयाला केवळ विज्ञान पुरणार नाही. बुडालेल्या गावाचे ग्रामदैवत, उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन, नव्या गावठाणात नेलेली जुनी नावे, आणि जमीन हादरली की कारण पाण्यात शोधावे की कोपात शोधावे ह्या विवंचनेत पडलेले मन, हे सारे एकाच कथेत यावयाचे तर विज्ञानकथा आणि अद्भुतकथा ह्यांच्यातील भिंत तिला ओलांडावीच लागेल. ‘धूमकेतू’त एका घरापुरते जे घडले ते येथे एका खोऱ्याचे आहे. रिसबुडांना आपल्या भोवतालच्या जीवनात विस्मयकारक असे काही दिसले नाही, म्हणून त्यांनी अद्भुत बाहेरून आणले. आजच्या लेखकाला ती सबब उरलेली नाही.

पदव्युत्तर वर्गातील अभ्यासकांना ह्या संदर्भात दोन कामे सुचवावीशी वाटतात. ‘केरळ कोकिळ’पासूनच्या मासिकांत विखुरलेल्या अशा कथांची, विज्ञान आणि अद्भुत असा भेद न करता, एकत्र सूची व्हावी. आणि लहान गावांच्या वाचनालयांतील देवघेवीच्या नोंदवह्या अभ्यासून, एकच वाचक कोणती पुस्तके पाठोपाठ नेतो हे पाहावे. प्रस्तुत लेखकाचे अनुमान असे आहे की, समीक्षेने घातलेली वाटणी त्या नोंदवह्यांत कोठेही आढळणार नाही. वाचकाने जे कधी वेगळे मानले नाही ते समीक्षेने वेगळे का मानले, ह्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मग समीक्षेवर येईल.